सशांचा हिशेब मांडणारे चार्ल्स एल्टन



थंडीत अंगणातल्या बर्फावर सशाच्या पावलांचे ठसे दिसले की तुम्ही विचारता, एवढ्या बर्फात हा खातो तरी काय? असेच प्रश्न विचारण्यात ज्यांनी सारे आयुष्य घालवले, त्या शास्त्रज्ञाची ही ओळख.

चार्ल्स एल्टन यांचा जन्म २९ मार्च १९०० रोजी इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथे झाला. वडील साहित्याचे प्राध्यापक होते. रानात भटकून पशुपक्षी न्याहाळण्याची गोडी मात्र मोठा भाऊ जेफ्री याने लावली. १९२१ साली ऑक्सफर्डमध्ये शिकत असतानाच ते उत्तर ध्रुवाकडच्या स्पिट्सबर्गन बेटांवर मोहिमेला गेले. तिथे प्राण्यांच्या जाती थोड्या, त्यामुळे कोण कोणाला खातो हे सहज कळे. बर्फाळ प्रदेशातला कोल्हा उन्हाळ्यात पक्षी आणि अंडी खातो, तर हिवाळ्यात अस्वलाने मारलेल्या सीलचे उरलेसुरले. शाळेत तुम्ही अन्नसाखळी शिकता ना? ती कल्पना १९२७ साली एल्टन यांच्या पुस्तकामुळे सर्वत्र पोचली. त्याच वर्षी जेफ्री वारला.

त्याआधी, १९२३ साली, नॉर्वेतील ट्रॉम्सो गावी त्यांनी एक जाडजूड नॉर्वेजियन पुस्तक विकत घेतले होते. भाषा येत नव्हती, म्हणून शब्दकोश घेऊन बसले! त्यात लेमिंग या उंदरासारख्या प्राण्याची माहिती होती. दर तीन-चार वर्षांनी लेमिंग बेसुमार वाढतात आणि मग एकदम नाहीसे होतात. असे का व्हावे?

१९२५ पासून त्यांनी हडसन्स बे कंपनीला सल्ला देण्याचे काम केले. ही कंपनी कॅनडात कातड्यांचा व्यापार करी. तिच्या जुन्या वह्यांत कोणत्या वर्षी किती कातडी आली याची नोंद होती. कारकुनांनी ती पैशांच्या हिशेबासाठी लिहिली होती. एल्टन यांनी त्यातून प्राण्यांचा हिशेब काढला. लिंक्स हे मोठे रानमांजर मुख्यतः ससे खाऊन जगते. साधारण दर दहा वर्षांनी ससे वाढत, मागोमाग लिंक्स वाढत. मग आधी ससे घटत, नंतर लिंक्स.

कारण काय असावे? १९२४ सालच्या लेखात एल्टन यांनी अंदाज केला होता की सूर्यावरील डागांमुळे हवामान बदलते आणि त्याबरोबर प्राण्यांची संख्याही. डागांचे चक्र सुमारे ११ वर्षांचे. पण १९४२ साली मेरी निकोल्सन यांच्याबरोबर शंभराहून अधिक वर्षांच्या नोंदी तपासल्यावर लिंक्सचे चक्र सरासरी ९.६ वर्षांचे निघाले. काही चक्रांनंतर दोन्हींचा मेळ पार तुटतो. एल्टन यांनी स्वतःचीच कल्पना चुकीची ठरवली आणि तसे छापले.

मी कॉम्प्युटरवर काम करतो. आपणच लिहिलेल्या प्रोग्रॅममधली चूक सर्वांसमोर कबूल करणे किती जड जाते, हे मला पक्के ठाऊक आहे!

१९३२ ते १९६७ ते ऑक्सफर्डमधील प्राणिसंख्या संशोधन केंद्राचे प्रमुख होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी उंदीर-घुशींपासून धान्य वाचवण्याचे मार्ग शोधले. १ मे १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या प्रश्नावर काम पुढे चालूच राहिले. कॅनडाच्या युकॉन भागात चार्ल्स क्रेब्स यांच्या गटाने अनेक वर्षे प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाले. सशांना जादा खाद्य दिले तिथे ते सुमारे तिप्पट झाले. कुंपण घालून शिकारी प्राणी दूर ठेवले तिथे दुप्पट. आणि दोन्ही केले तिथे तब्बल अकरापट! म्हणजे एकटी भूक नाही, एकटे शिकारीही नाहीत. दोन्ही मिळून सशांची संख्या ठरवतात.

आणि हो, तुमच्या प्रश्नाचे उत्तर: बर्फातला हा ससा विलो आणि बर्च यांच्या कोवळ्या काटक्या कुरतडून हिवाळा काढतो. या थंडीत दर रविवारी अंगणातले ठसे मोजा, तारीख घालून वहीत मराठीत लिहा आणि वसंत ऋतूत वर्गात घेऊन या. आई-बाबांनो, मोजायला मदत करा. पण आकडे मुलांनाच लिहू द्या.