उंच डोंगरातला विहार आणि चिनी वाटसरू

खानदेशाच्या उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग. या दोन भिंतींच्या मधून तापी वाहते. नरडाण्याच्या स्टेशनावरून जाणाऱ्या सुरत-भुसावळ मार्गाने जळगाव गाठावे, तेथून एस. टी.ने फर्दापूरकडे निघावे, की दक्षिणेची ही भिंत हळूहळू समोर उभी राहते. तिच्याच एका घळीत, वाघोरा नदीच्या वळणावर, अजिंठ्याची लेणी कोरलेली आहेत. आपल्यापैकी अनेकांनी ती सहलीच्या निमित्ताने पाहिली आहेत. परंतु सुमारे चौदाशे वर्षांपूर्वी एका चिनी भिक्षूने महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरील उंच डोंगरातल्या एका बुद्धविहाराची हकीगत लिहून ठेवली, आणि ती अजिंठ्याचीच असावी असे बहुतेक अभ्यासक मानतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्या भिक्षूचे नाव ह्युएन त्संग. शाळेच्या इतिहासात त्याच्या वाट्याला दोन-चार ओळी येतात आणि हर्षवर्धनाच्या दरबारातील चिनी प्रवासी एवढीच त्याची ओळख शिल्लक राहते. प्रत्यक्षात त्याचे सारे आयुष्य एका शंकेचे उत्तर शोधण्यात गेले.

त्याचा जन्म इ. स. ६०२ च्या सुमारास चीनमध्ये लोयांग नगराजवळच्या एका विद्वान घराण्यात झाला. चार भावांत तो धाकटा. वडील जुन्या चिनी शास्त्रांचे जाणकार होते. मुलाचे पहिले धडे त्यांच्याजवळच झाले. थोरला भाऊ भिक्षू होऊन लोयांगच्या मठात राहत असे. त्याच्या मागोमाग धाकटाही तेथे गेला आणि तेराव्या वर्षी त्याने श्रामणेर दीक्षा घेतली. पुढे सुई घराण्याची सत्ता कोसळली, देशात बंडाळी माजली. दोघे भाऊ जीव वाचवून नैऋत्येकडील चेंगदू नगरात गेले. तेथे ६२२ मध्ये विसाव्या वर्षी तो पूर्ण भिक्षू झाला.

या तरुण भिक्षूला एका गोष्टीने स्वस्थ बसू दिले नाही. बौद्ध ग्रंथांची चिनी भाषांतरे तेव्हा पुष्कळ होती, पण ती निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या हातांनी झालेली. एकच वचन एका भाषांतरात एक सांगे, दुसऱ्यात दुसरेच. तो नामांकित आचार्यांकडे गेला. प्रत्येकाचे मत निराळे. योगाचारभूमिशास्त्र हा मोठा ग्रंथ तर चीनमध्ये अपुराच पोहोचला होता. शेवटी त्याने ठरवले की ज्या भाषेत हे ग्रंथ लिहिले गेले ती शिकायची, आणि ज्या देशात ते लिहिले गेले तेथेच जाऊन मूळ पोथी पाहायची.

त्या वेळी तांग घराण्याचा सम्राट ताइत्सुंग नुकताच गादीवर आला होता आणि प्रजाजनांना सरहद्द ओलांडण्याची मनाई होती. ह्युएन त्संगने परवानगी मागितली. ती मिळाली नाही. तेव्हा ६२९ च्या सुमारास तो गुपचूप निघाला. दिवसा लपावे, रात्री चालावे, असा प्रवास. वाटाड्या म्हणून घेतलेल्या माणसाने एका रात्री सुरा उपसला आणि पुढे तो सोडूनच गेला. सरहद्दीच्या पहारा-बुरुजावरून बाण आले. मात्र पकडणारा अधिकारी श्रद्धाळू निघाला आणि त्याने पुढची वाट दाखवली. मग गोबीचे वाळवंट लागले. तेथे पाण्याची पखाल हातातून निसटली आणि सारे पाणी वाळूत गेले. तो मागे वळला, काही अंतर चालला, पण भारतात पोहोचल्याशिवाय पूर्वेकडे एक पाऊलही टाकणार नाही ही आपली प्रतिज्ञा आठवून पुन्हा पश्चिमेला फिरला. चार रात्री आणि पाच दिवस त्याच्या घशाला पाण्याचा थेंब नव्हता. वाचवले ते त्याच्या म्हाताऱ्या, रोडक्या घोड्याने. त्या वाटेने अनेकदा गेलेले ते जनावर आपल्या बुद्धीने वळले आणि त्याने धन्याला गवत-पाण्याजवळ नेऊन सोडले.

तुर्फानच्या राजाने त्याचे एवढे स्वागत केले की ते स्वागतच अडचण होऊन बसले. राजाला तो आपला गुरू म्हणून कायमचा हवा होता. ह्युएन त्संगने अन्नपाणी वर्ज्य केले. चौथ्या दिवशी राजा नमला आणि त्याने सोने, रेशीम, घोडे, माणसे व वाटेवरील २४ राज्यांसाठी पत्रे देऊन त्याची पाठवणी केली. तिएनशान पर्वताच्या बर्फात दहांतली तीन-चार माणसे गारठून मेली. पुढे समरकंद, बल्ख करीत तो बामियानला आला. डोंगराच्या कड्यात कोरलेल्या तेथील दोन प्रचंड बुद्धमूर्तींचे वर्णन त्याने केले आहे. त्या मूर्ती २००१ मध्ये तालिबानने सुरुंग लावून उडवल्या; आज त्यांच्याविषयीची जी जुनी साक्ष उरली आहे, तीत याच्या लेखणीचा वाटा मोठा आहे.

काश्मीरमध्ये त्याने दोन वर्षे अभ्यास केला. गंगेवर चाच्यांनी त्याला दुर्गेला बळी देण्यासाठी बांधले. तेवढ्यात वादळ उठले आणि घाबरून त्यांनीच त्याचे पाय धरले. अखेर तो नालंदेला पोहोचला. तेथील प्रमुख आचार्य शीलभद्र तेव्हा शंभरी ओलांडलेले होते असे त्याचा चरित्रकार सांगतो. ज्या योगाचारभूमीसाठी तो घर सोडून निघाला होता, ती शीलभद्रांनी त्याला पंधरा महिने शिकवली. त्याखेरीज संस्कृत व्याकरण आणि दिङ्नागाचे तर्कशास्त्रही त्याने अभ्यासले.

येथेच त्याला परत जाता आले असते. परंतु पोथीत वाचलेला देश डोळ्यांनी पाहावा म्हणून तो बंगाल, आंध्र, कांची असा फिरत दक्षिणेत उतरला. तेथून वर वळून कोकणमार्गे ६४१ च्या सुमारास तो महाराष्ट्रात आला. गादीवर चालुक्य राजा दुसरा पुलकेशी होता.

महाराष्ट्राचे त्याने केलेले वर्णन आपण सर्वांनी एकदा तरी वाचावे असे आहे. जमीन सुपीक, हवा उष्ण, माणसे उंच, साधी आणि मानी. उपकाराची जाण ठेवणारी, पण अपमान झाला तर जिवावर उदार होणारी. संकटात सापडलेल्याने मदत मागितली तर स्वतःला विसरून धावणारी. सूड घ्यायचा तर शत्रूला आधी कळवून घेणारी, आणि शरण आलेल्याला न मारणारी. लढाई हरून आलेल्या सेनापतीला दुसरी शिक्षा नसे; त्याला बायकांची वस्त्रे देत, आणि त्या लाजेने तो स्वतःच प्राण देई. लढाईपूर्वी योद्धे मद्य पीत आणि हत्तींनाही पाजत. उत्तरेचा सम्राट हर्षवर्धन, ज्याचा तो पुढे सन्मान्य पाहुणा झाला, त्यालाही हा देश जिंकता आला नाही, हे त्याने स्पष्ट लिहिले. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखातही पुलकेशीने हर्षाला रोखल्याचे नमूद आहे. राजाचा स्तुतिपाठक आणि परका वाटसरू या दोघांची साक्ष येथे जुळते.

त्याच्या नोंदीनुसार या राज्यात शंभरांवर विहार आणि पाच हजारांवर भिक्षू होते. त्यांतला एक विहार त्याने विशेष विस्ताराने वर्णिला आहे. राज्याच्या पूर्व सीमेवर मोठा डोंगर, एकामागे एक उठलेले सुळके, आणि अंधाऱ्या दरीत कड्याला टेकून बांधलेली उंच दालने. हा विहार अचल नावाच्या अर्हताने उभारला. अचलाची आई वारली तेव्हा ती कोठे जन्मली हे त्याने ध्यानाने जाणले. ती याच प्रदेशात मुलगी होऊन आली होती. तो भिक्षा मागत तिच्या दारी गेला. मुलगी अन्न घेऊन बाहेर आली आणि तिच्या उराला पान्हा फुटला. घरच्यांना तो अपशकुन वाटला. अचलाने मागल्या जन्मीचे नाते उलगडून सांगितले. त्या आईचे ऋण फेडण्यासाठी त्याने हा विहार बांधला. आत सत्तर फुटांहून उंच पाषाणाची बुद्धमूर्ती, तिच्यावर कशाचाही आधार नसलेली सात दगडी छत्रे, भिंतींवर बुद्धाच्या जीवनातील प्रसंग आणि दारांबाहेर दगडी हत्ती. हे हत्ती कधी कधी गर्जना करतात आणि धरणी हादरते, असे तेथील लोक सांगतात, हेही त्याने लिहिले. दिङ्नाग या विहारात राहत असे, अशीही नोंद आहे. ज्याचे तर्कशास्त्र आपण शिकलो तो आचार्य या दरीत राहून गेला, हे लिहिताना ह्युएन त्संगला काय वाटले असेल, याची कल्पना करता येते.

आता हे वर्णन घेऊन अजिंठ्याला उभे राहावे. १६ व्या लेण्याच्या पायऱ्यांशी दोन दगडी हत्ती आहेत. १९ व्या लेण्यातील स्तूपावर एकावर एक तीन छत्रे थेट छताकडे चढत गेली आहेत. २६ व्या लेण्याच्या भिंतीवर बुद्धाचे महापरिनिर्वाण आणि मारविजय कोरलेले आहेत. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्याच लेण्यातील बुद्धभद्र भिक्षूच्या शिलालेखात शास्त्यासाठी शैलगृह करविणाऱ्या स्थविर अचलाचे नाव आले आहे. मात्र सत्तर फुटांची मूर्ती तेथे नाही आणि सात अधांतरी छत्रेही नाहीत. म्हणून ह्युएन त्संग स्वतः त्या दरीत उतरला होता की इतरांकडून ऐकून त्याने लिहिले, याविषयी विद्वानांत दोन मते आहेत. ऐकीव असले तरी त्याच्या लिहिण्याची रीत पाहण्यासारखी आहे. हत्तींची गर्जना तो लोकांच्या तोंडी ठेवतो. छत्रे अधांतरी का राहतात याची एकच खात्री देण्याऐवजी तो त्याविषयीच्या तीन समजुती सांगतो: कोणी अर्हताच्या संकल्पाचे बळ मानतात, कोणी सिद्धीचे, कोणी औषधीचे. भाषांतरांतल्या विसंगतीने जो घराबाहेर पडला, त्याला सांगणाऱ्याचे बोलणे आणि पाहणाऱ्याचे पाहणे यांतला फरक विसरणे शक्य नव्हते.

महाराष्ट्रातून नर्मदा ओलांडून तो भडोचकडे गेला. ६४३ मध्ये कनोज आणि प्रयाग येथे हर्षाने त्याचा मोठा गौरव केला. मग परतीचा प्रवास. सिंधू नदी ओलांडताना नाव डगमगली आणि पन्नास पोथ्या पाण्यात गेल्या. त्यांच्या नव्या नकला मिळवण्यासाठी तो वाटेत थांबला. ज्या तुर्फानच्या राजाला परतताना तीन वर्षे राहण्याचे वचन दिले होते, तो राजा तोपर्यंत मरण पावला होता आणि त्याचे राज्य चीनने ६४० मध्ये जिंकले होते. ६४५ मध्ये ह्युएन त्संग राजधानी चांगआनला पोहोचला तेव्हा वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ होते. ज्याची आज्ञा मोडून तो गेला होता त्याच सम्राटाने त्याला मंत्रिपद देऊ केले. त्याने ते नम्रपणे नाकारले. फक्त सम्राटाच्या इच्छेवरून ६४६ मध्ये आपले प्रवासवर्णन पूर्ण केले.

उरलेली एकोणीस वर्षे भाषांतरात गेली. दिवसाचे काम तो लाल शाईने आखून ठेवी आणि दिवसा पुरे झाले नाही तर रात्री बसे. ६४८ मध्ये योगाचारभूमीचे भाषांतर संपले. ६६० मध्ये त्याने महाप्रज्ञापारमिता हाती घेतली. मूळ ग्रंथ दोन लक्ष श्लोकांचा, पुनरुक्तीने भरलेला. शिष्यांनी संक्षेप करण्याची विनंती केली आणि थकलेल्या गुरूला ती क्षणभर पटलीही. पण त्या रात्री त्याला भयंकर स्वप्ने पडली. सकाळी त्याने सांगितले की एकही शब्द गाळायचा नाही. भारतातून आणलेल्या तीन प्रती समोर ठेवून, शंका आली की तिन्ही ताडून पाहत, ६६३ मध्ये सहाशे खंडांचे ते भाषांतर त्याने पुरे केले. पुढच्याच वर्षी, ६६४ मध्ये, त्याचे निधन झाले. त्याने भाषांतरित केलेल्या ग्रंथांची संख्या ७५ आणि त्यांचे खंड १३३५. यांतील महाविभाषेसारख्या ग्रंथांचे संस्कृत मूळ नाहीसे झाले आहे. ते ज्ञान आज त्याच्या चिनीतच जिवंत आहे.

इकडे अजिंठ्याच्या दरीत झाडी वाढली. डोंगरात वावरणाऱ्यांना ती जागा ठाऊक असली तरी तिची कथा सांगणारे कोणी उरले नव्हते. २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला ती लेणी दिसली. ह्युएन त्संगच्या प्रवासवर्णनाचे जुलियें यांनी केलेले फ्रेंच भाषांतर १८५७-५८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच्या आधाराने कनिंगहॅम यांनी नालंदेसह कितीतरी विस्मृत स्थळे ओळखली. आपल्या भूमीचा पत्ता आपल्याला एका परक्याच्या वहीतून मिळाला, ही गोष्ट अभिमानाची नाही. पण तिच्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

परीक्षा जवळ आली की आपण गाइड उघडतो आणि मूळ पुस्तक कपाटात राहते. आयते उत्तर हाती असताना मूळ कशाला पाहायचे, हा प्रश्न सोयीचा आहे. ह्युएन त्संगलाही चांगआनमध्ये आयती भाषांतरे मिळत होती, मान मिळत होता, शिष्यही मिळाले असते. दोन पुस्तकांत दोन अर्थ दिसले तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले नाहीत, एवढाच त्याच्यात आणि इतरांत फरक. त्या एका शंकेच्या मागे तो सोळा वर्षे चालला आणि एकोणीस वर्षे बसून लिहीत राहिला. अजिंठ्याला पुढची सहल जाईल तेव्हा सोळाव्या लेण्याच्या पायऱ्यांशी क्षणभर थांबावे. ते हत्ती गर्जना करतात की नाही, हे ज्याने त्याने आपल्या कानांनी ठरवावे.