औंधचे माळरान आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर

बेळगावच्या किर्लोस्कर रोडवरून आपल्यापैकी कितीतरी जण ये-जा करतात. ज्या किर्लोस्कर बंधूंचे नाव या रस्त्याशी जोडले गेले आहे, त्यांपैकी लक्ष्मणरावांची ओळख या अंकात आम्ही करून देत आहोत.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पण काही रंगांतील फरक आपल्या डोळ्यांना कळत नाही, हे तेथे ध्यानात आले आणि चित्रकार होण्याचा विचार सोडावा लागला. मग ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. ते मुंबईहून सायकली पाठवीत व थोरले बंधू रामुअण्णा त्या बेळगावात विकीत. पुढे बढती डावलली गेल्यावर नोकरीला रामराम ठोकून ते बेळगावात आले.

येथे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार होऊ लागले. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले काही नांगर खपायलाच दोन वर्षे गेली! पुढे जरा बस्तान बसते न बसते तोच शहराच्या विस्तारात कारखान्याची जागा गेली. गिऱ्हाईक मिळू लागलेले, कारागीर हाताशी, आणि यंत्रे ठेवायला जागा नाही, अशी त्यांची अवस्था झाली. छोटा धंदा बुडतो तो पुष्कळदा याच टप्प्यावर, असे आम्हाला वाटते.

अशा वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. १९०९ साली गादीवर आलेले बाळासाहेब स्वतः चित्रकार होते आणि लक्ष्मणरावांना ओळखत होते. त्यांनी आधी औंधच्या सभामंडपाचे काम दिले आणि मग संस्थानात कारखाना काढण्यासाठी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन व दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. आज मुद्रा योजना आहे, जिल्हा उद्योग केंद्रे आहेत. तेव्हा राजाचा विश्वास हीच योजना. औंध हे काही श्रीमंत संस्थान नव्हे. पण बेळगावात जी अडचण झाली होती, नेमकी तीच या मदतीने दूर झाली. शेजारी रेल्वे असल्याने कच्चा माल आणणे आणि नांगर बाहेर पाठवणेही सोयीचे झाले.

जमीन मात्र निव्वळ माळरान होती. निवडुंग माजलेला, सापांचा सुळसुळाट आणि पाण्याची वानवा. १० मार्च १९१० रोजी तेथे मुहूर्त झाला. रामुअण्णा, शंभुराव जांभेकर, मंगेशराव रेगे अशी मंडळी कुटुंबांसह तेथे राहायला गेली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी कामावर घेतले, इतकेच नव्हे तर रात्रीची राखण त्यांच्यावर सोपवली. पालकांनी ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी.

पहिल्या महायुद्धात लोखंड व कोळसा मिळेनासा झाला. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरील निकामी तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले! कारखान्यात पुढे चरक आणि पाण्याचे पंपही तयार होऊ लागले. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली.

१९४८ च्या जाळपोळीत वाडीचे फार मोठे नुकसान झाले. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभा राहिला. त्याच वर्षी औंध संस्थान विलीन झाले. लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले. कुंडल रोड स्टेशनचे नाव बदलून किर्लोस्करवाडी झाले ते आजही तेच आहे, आणि पंपांचा कारखानाही तेथे चालू आहे.