सी. रामचंद्र

रामचंद्र नरहर चितळकर ऊर्फ सी. रामचंद्र (१२ जानेवारी, १९१८ – ५ जानेवारी, १९८२) हे हिंदी व मराठी चित्रपटसृष्टीतील संगीतकार, पार्श्वगायक आणि निर्माते होते. सहकाऱ्यांमध्ये ते 'अण्णा' या नावाने परिचित होते. गायक म्हणून त्यांनी 'चितळकर' हे नाव वापरले. पाश्चात्त्य नृत्यसंगीताचे ठेके आणि वाद्यमेळ हिंदी चित्रपटगीतात रुजवणाऱ्या संगीतकारांत त्यांचे स्थान अग्रभागी आहे.

बालपण व शिक्षण

रामचंद्र यांचा जन्म अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील पुणतांबे येथे झाला. वडील रेल्वेत नोकरीस होते. शालेय अभ्यासात त्यांचे मन फारसे रमले नाही. नागपूर येथे शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांचे संगीतशिक्षण झाले. पुढे प्रसिद्ध पावलेले गायक वसंतराव देशपांडे हेही सप्रे गुरुजींचेच शिष्य. पुण्यात गांधर्व महाविद्यालयात त्यांना विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकण्याची संधी मिळाली. सप्रे व पटवर्धन हे दोघेही विष्णु दिगंबर पलुस्करांच्या परंपरेतील असल्याने रामचंद्र यांचा पाया निखळ हिंदुस्थानी शास्त्रीय गायनाचा होता. पुढील काळात त्यांच्यावर उथळपणाचा आक्षेप घेणाऱ्यांनी ही बाब बहुधा लक्षात घेतली नाही.

चित्रपटसृष्टीत प्रवेश

त्यांना खरे तर अभिनेता व्हायचे होते. वाय. व्ही. राव यांच्या 'नागानंद' या चित्रपटात ते नायक होते. परंतु तो चित्रपट चालला नाही. त्यानंतर सोहराब मोदी यांच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये किरकोळ भूमिका करीत असताना त्यांचे हार्मोनियमवादन उपयोगी पडले आणि ते संगीत विभागात साथीदार झाले. संगीतकार म्हणून पहिली कामे त्यांना तमिळ चित्रपटांत मिळाली. भगवान पालव अर्थात मास्टर भगवान यांच्याशी त्यांची मैत्री याच सुमारास जुळली. भगवान यांच्या 'सुखी जीवन' (१९४२) या चित्रपटापासून हिंदीत त्यांचा जम बसला.

नृत्यसंगीत

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबई व कलकत्त्याच्या मोठ्या हॉटेलांमध्ये जाझ आणि स्विंग वाजवणारे वाद्यवृंद भरात होते. त्यांतील अनेक वादक गोमंतकीय होते. स्वरलेखन वाचण्याची व लिहिण्याची त्यांची तालीम चर्चशी संलग्न शाळांत झालेली असे. हॉटेलांतील काम रात्रीचे, त्यामुळे दिवसा हे वादक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणास येऊ लागले. रामचंद्र यांनी या वादकांचा नुसत्या पार्श्वसाथीसाठी उपयोग न करता गाण्याची बांधणीच त्यांच्या वाद्यांभोवती केली. हळदोण्याचे ट्रम्पेटवादक अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, हे त्यांचे महत्त्वाचे सहकारी होते.

१५ ऑगस्ट, १९४७ रोजी प्रदर्शित झालेल्या 'शहनाई' या चित्रपटातील रविवारच्या भेटीचे विनोदी द्वंद्वगीत देशभर गाजले. 'पतंगा' (१९४९) मधील रंगूनच्या टेलिफोनचे गीत आणि 'समाधी' (१९५०) मधील लॅटिन अमेरिकन ठेक्याचे गीत यांनी हा प्रकार लोकप्रिय केला. 'समाधी'तील चालीचे त्या काळच्या एका इंग्रजी नृत्यगीताशी असलेले साम्य स्पष्ट आहे. अशी उचल त्यांनी क्वचित केली. मात्र तिला त्यांनी दिलेला घाट देशी असे.

'अलबेला' (१९५१) हा या प्रवासातील मोठा टप्पा. भगवान व गीता बाली यांच्या या चित्रपटात बाँगो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन व ट्रम्पेट यांचा सर्रास वापर आहे, आणि चिक चॉकलेट यांचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो. त्याच चित्रपटातील अंगाईगीत मात्र अगदी मोजक्या वाद्यांवर उभे आहे. 'आझाद' (१९५५) साठी नौशाद यांनी अल्पमुदतीमुळे नकार दिल्यावर रामचंद्र यांनी सर्व गाणी थोड्या अवधीत पूर्ण करून दिली, असे सांगितले जाते.

'आशा' (१९५७) मधील 'ईना मीना डीका' हे गीत रॉक अँड रोल शैलीतील आरंभीच्या हिंदी गीतांपैकी एक मानले जाते. खेळणाऱ्या मुलांच्या मोजणीच्या इंग्रजी बडबडगीतावरून त्याची कल्पना सुचली आणि साहाय्यक जॉन गोम्स यांनी त्यात कोकणी शब्दांची भर घातली, अशी माहिती प्रचलित आहे. किशोर कुमार व आशा भोसले यांनी ते स्वतंत्रपणे गायिले. अर्थहीन पण जिभेवर खेळणारी अक्षरे, लगेच पाठ होणारी चाल आणि पहिल्या दोन-चार मात्रांतच ओळख पटवणारा ठेका ही त्याची वैशिष्ट्ये पुढे आलेल्या जाहिरातगीतांनाही नेमकी हवी होती.

'वंजिकोट्टै वालिबन' व त्याची हिंदी आवृत्ती 'राज तिलक' (१९५८) यांतील वैजयंतीमाला आणि पद्मिनी यांच्या नृत्यस्पर्धेचे संगीतही त्यांचेच. येथे ठेके दाक्षिणात्य आहेत. व्ही. शांताराम यांच्या 'नवरंग' (१९५९) मधील संध्या यांच्या नृत्यांसाठी ते पुन्हा पूर्णपणे देशी वाद्यांकडे वळले.

आकाशवाणी व व्यापारी प्रसारण

१९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. चित्रपटगीते, त्यातही पाश्चात्त्य वळणाची, त्यांना अभिरुची बिघडवणारी वाटत. आकाशवाणीने या गीतांवर निर्बंध आणले, निर्मात्यांशी वाद झाला आणि काही वर्षे चित्रपटसंगीत सरकारी नभोवाणीवरून जवळजवळ नाहीसे झाले. रामचंद्र यांच्या बहराचा काळ नेमका हाच होता. (त्यांच्या हार्मोनियमलाही आकाशवाणीवर १९४० पासून बंदी होती.) श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. तेथे डिसेंबर १९५२ मध्ये एका टूथपेस्टच्या जाहिरातीसाठी 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. लघुलहरींवरील हे प्रसारण मोठ्या शहरांइतकेच नागभीडसारख्या वनप्रदेशातील रेल्वे जंक्शनच्या गावीही, रेडिओ असेल तेथे, लागू शकत होते. गीतमालेच्या १९५३ च्या वार्षिक क्रमवारीत 'अनारकली' मधील रामचंद्र यांचे गीत पहिले आले. ज्या संगीताला सरकारी नभोवाणीने दार लावले, त्याला जाहिरातदाराच्या पैशाने घराघरांत नेले.

३ ऑक्टोबर, १९५७ रोजी विविध भारती सुरू होऊन आकाशवाणीने माघार घेतली. १ नोव्हेंबर, १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर केंद्रांवर जाहिराती स्वीकारल्या जाऊ लागल्या आणि १ जानेवारी, १९७६ पासून दूरदर्शनवरही. तोवर रामचंद्र यांचे चित्रपटसृष्टीतील स्थान ओसरले होते.

उत्तरकाळ

लता मंगेशकर यांचा आवाज त्यांच्या रचनांचा आधार होता. १९५८ च्या सुमारास दोघांत दुरावा आला आणि त्याचा परिणाम त्यांच्या कामावर झाला. तरीही २७ जानेवारी, १९६३ रोजी दिल्लीत लता मंगेशकर यांनी गायिलेले, कवी प्रदीप यांचे 'ऐ मेरे वतन के लोगो' हे गीत त्यांनीच स्वरबद्ध केले होते. नृत्यगीतांसाठी टीका सोसलेल्या संगीतकाराची सर्वांत आदराने घेतली जाणारी रचना ही अशी धीम्या लयीची आहे.

मराठीत त्यांनी 'धनंजय' (१९६६) व 'घरकुल' (१९७०) या चित्रपटांना संगीत दिले. 'घरकुल'मध्ये अमरावतीचे कवी सुरेश भट यांची रचनाही त्यांनी स्वरबद्ध केली. ग. दि. माडगूळकरांच्या 'गीतगोपाल'चे संगीतही त्यांचे आहे. 'माझ्या जीवनाची सरगम' हे त्यांचे आत्मचरित्र १९७७ मध्ये प्रकाशित झाले. ५ जानेवारी, १९८२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.