न खपलेले नांगर

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव निघाले की जिद्दीचे गोडवे सुरू होतात. त्या जिद्दीचा जमाखर्च मात्र सहसा कोणी मांडीत नाही. १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव मुंबईस चित्रकला शिकावयास गेले. रंगांधळेपणामुळे कुंचला सुटला, तेव्हा यांत्रिक रेखाटन आत्मसात करून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. पुढे बढतीत डावलले गेल्यावर नोकरी सोडून बेळगावी आले.

तेथे सायकलींच्या दुकानामागून कडबा कापण्याची यंत्रे निघाली आणि मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत! पहिला नांगर खपावयास दोन वर्षे लागली. मागणी-पुरवठ्याच्या रेषा फळ्यावर काढताना आम्हा अध्यापकांना ही दोन वर्षे कोठेच दाखविता येत नाहीत. माल पडून होता, भांडवल अडकले होते, तरी कारखाना बंद पडला नाही.

१९१० च्या सुमारास बेळगाव नगरपालिकेने जागा सोडावयास लावली. येथे नुसती जिद्द पुरली नसती. नव्या उद्योजकास आपण धीर धरावयास सांगतो. तो धरण्यापुरती जागा आणि मुदत त्याला कोण देणार, याविषयी मात्र मौन पाळतो. लक्ष्मणरावांना ती औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिली. कुंडल रोड स्थानकाजवळचे ते ३२ एकरांचे माळरान निवडुंगाने व सापांनी भरलेले होते. ते साफ करूनच किर्लोस्करवाडी वसली.