एकमेव आश्रयदाता

कलेला राजाश्रय हवा, असे आपल्याकडे परंपरेने मानले गेले आहे. परंतु राजाश्रयाखेरीज दुसरा आश्रयच उरला नाही, तर कलावंताचे काय होते, हे दिमित्री शोस्ताकोविच या रशियन संगीतकाराच्या जीवनावरून कळते.

१९०६ साली सेंट पीटर्सबर्ग येथे जन्मलेल्या शोस्ताकोविच यांची पहिली सिंफनी १९२६ साली सादर झाली आणि वयाच्या विशीतच त्यांची कीर्ती देशाबाहेर पोहोचली. सोविएत राजवटीत रंगमंदिरे, वाद्यवृंद, प्रकाशनगृहे व नभोवाणी ही सारी सरकारचीच होती. १९३२ साली कम्युनिस्ट पक्षाने कलावंतांच्या निरनिराळ्या संस्थाही मोडून त्यांच्या जागी एकेक अधिकृत संघ आणण्याचे ठरविले.

जानेवारी १९३६ मध्ये स्टॅलिनने त्यांचा ‘लेडी मॅकबेथ’ हा ऑपेरा पाहिला. दोन वर्षे श्रोत्यांनी डोक्यावर घेतलेल्या या कृतीवर ‘प्रावदा’ने काही दिवसांतच निनावी लेखातून झोड उठविली. त्याच वर्षाअखेर त्यांची चौथी सिंफनी तालमी चालू असतानाच मागे घेण्यात आली. ती ऐकावयास मिळण्यास १९६१ साल उजाडावे लागले.

१९३७ मधील पाचव्या सिंफनीने गेलेला मान परत मिळाला. १९४१ साली स्टॅलिन पारितोषिक लाभले. ऑगस्ट १९४२ मध्ये वेढ्यात उपासमार सोसणाऱ्या लेनिनग्राडमध्ये सातवी सिंफनी वाजली, तेव्हा तर ते राष्ट्राच्या प्रतिकाराचे प्रतीक ठरले. तथापि १९४८ साली पक्षाच्या ठरावाने ते पुन्हा दोषी ठरले. मॉस्को व लेनिनग्राड येथील अध्यापकाची पदे गेली आणि चरितार्थासाठी चित्रपटांच्या संगीतावर भिस्त ठेवावी लागली. पुढच्याच वर्षी त्याच सरकारने त्यांना आपले प्रतिनिधी म्हणून न्यूयॉर्कच्या शांतता परिषदेस धाडले! १९६० साली ते पक्षाचे सदस्य झाले आणि १९७५ साली सन्मानित कलावंत म्हणून मॉस्कोत निवर्तले.

या राजवटीने संगीतशिक्षणावर व वाद्यवृंदांवर सढळ हाताने खर्च केला, हे नाकारण्याचे कारण नाही. बाजारपेठही कलावंताची उपेक्षा करते, हेही खरे. परंतु तेथे एका ग्राहकाने पाठ फिरविली, तर दुसऱ्याचे दार ठोठावता येते. ग्राहक एकच असला, म्हणजे त्याची नापसंती हीच शिक्षा होते. आणि त्याने दिलेले पारितोषिकही धाकातून मुक्त करीत नाही. शोस्ताकोविच यांना तुरुंगात टाकावे लागले नाही, ते यामुळेच. कलेला अनुदान अवश्य असावे. मात्र ते देणारा हात एकच असू नये.