हजार माणसांचे गाव

सहकाराशी महाराष्ट्राचे नाते जुने आणि घट्ट आहे. सोसायटी, दूध संघ, साखर कारखाना, ग्राहक भांडार हे शब्द आपल्याकडे शाळकरी पोरांच्याही कानावरून गेलेले असतात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला सहकाराच्या पुस्तकात रॉबर्ट ओवेन हे नाव भेटतेच. मीही ते परीक्षेपुरते पाठ केले होते. पुढे नोकरीच्या निमित्ताने वेल्समधल्या न्यूटाऊन या गावी बिऱ्हाड करण्याचा योग आला, आणि त्या नावाला गल्ली, नदी आणि थडगे मिळाले. ओवेन यांचा जन्म याच गावातला आणि मृत्यूही इथलाच. मधली सत्त्याहत्तर वर्षे त्यांनी बाहेर घालवली. त्या वर्षांचा अर्थ मला इथे राहता राहता उलगडत गेला.

नावात ‘नवे’ असले तरी गाव जुने आहे. सेव्हर्न नदीच्या वळणात वसलेल्या या ठिकाणाला बाजार भरवण्याची राजसनद मिळाली ती १२७९ साली. मंगळवारचा बाजार आजही भरतो. १४ मे १७७१ रोजी ओवेन जन्मले तेव्हा गावची वस्ती जेमतेम हजाराच्या घरात होती. वडील खोगिरे बनवीत, लोखंडी सामान विकत आणि गावचे टपालही सांभाळत. सात भावंडांतला रॉबर्ट सहावा.

पोरगा मोठा चुणचुणीत. शाळेत सगळ्यांच्या आधी पोचायची त्याला घाई. अशाच एका सकाळी त्याने कढत पेजेचा मोठा घास घाईने गिळला आणि तो बेशुद्धच पडला. पोर हातचे गेले असेच आईवडिलांना वाटले. तो वाचला, पण पोट कायमचे नाजूक झाले. साधे आणि थोडे खायचे, काय सोसते नि काय नाही हे बारकाईने पाहायचे, ही सवय तेव्हापासून लागली. आपल्या निरीक्षणशक्तीचे मूळ ते स्वतः या अपघातात शोधीत.

सातव्या वर्षी मास्तरांनी त्याला मदतनीस करून घेतले. वाचनाची भूक तर विलक्षण. गावचे धर्मोपदेशक, डॉक्टर आणि वकील, तिघांनीही आपली पुस्तकांची कपाटे खोगीरवाल्याच्या या पोराला मोकळी करून दिली. नवव्या वर्षी तो शेजारच्या दुकानात कामाला लागला आणि दहाव्या वर्षी खिशात चाळीस शिलिंग घेऊन थोरल्या भावाकडे लंडनला निघाला.

पुढची चढण झपाट्याची आहे. कापड दुकानातली उमेदवारी, मग मँचेस्टर, आणि विशीच्या उंबरठ्यावर पाचशे कामगारांच्या गिरणीचे व्यवस्थापन! १७९९ मध्ये स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्कच्या गिरणीमालकाची मुलगी कॅरोलाइन डेल हिच्याशी विवाह झाला आणि जानेवारी १८०० पासून ओवेन त्याच गिरणीचा कारभार पाहू लागले.

तिथे सुमारे दोन हजारांची वस्ती होती. त्यांत पाचएकशे अनाथ, निराधार मुले. ओवेन यांनी दहा वर्षांखालच्या मुलांना कामावर घेणे बंद केले. चांगला माल रास्त दरात देणारे दुकान उघडले. कामगारांना शिवीगाळ किंवा मारहाण नव्हती. प्रत्येकाजवळ चार रंगांचा एक छोटा ठोकळा टांगलेला असे आणि कालच्या कामाची प्रत त्याचा रंग मुकाट्याने सांगे. अमेरिकेतून कापूस येणे थांबले तेव्हा चार महिने यंत्रे बंद राहिली, पण मजुरी पुरी दिली गेली. १८१६ मध्ये त्यांनी शिक्षणसंस्था सुरू केली. तिथे चिमुकल्यांना छडी नव्हती. गाणी, नाच आणि चित्रे होती. आपल्या बालवाडीचे हे एक पूर्वरूपच म्हणायचे. आणि एवढे करूनही गिरणी नफ्यात होती.

माणसाचा स्वभाव परिस्थितीच घडवते, ही त्यांची श्रद्धा. म्हणून त्यांनी नव्या गावांचे आराखडेच मांडले. सामायिक शेती, सामायिक स्वयंपाकघर, सामायिक शाळा. अशा गावाची योग्य वस्ती त्यांनी धरली होती आठशे ते बाराशे. हा आकडा वाचला आणि मी थबकले. हे तर त्यांच्या लहानपणीचे न्यूटाऊन!

१८२५ मध्ये अमेरिकेत इंडियाना राज्यात ‘न्यू हार्मनी’ नावाने त्यांनी असे गाव वसवायला घेतले. शेकडो माणसे आली. पण कष्ट कोणी करायचे आणि वाटा कोणाला किती, यावरून कलह पेटले. दोन-तीन वर्षांत सारे विस्कटले आणि ओवेन यांची बहुतेक संपत्ती त्यात गेली. कॅरोलाइन मुलींसह मागे स्कॉटलंडलाच राहिली होती. १८३१ मध्ये ती वारली. मुलगे अमेरिकेत स्थायिक झाले. साऱ्या जगाचे घरकुल बांधायला निघालेल्या या माणसाचे स्वतःचे घर असे पांगले.

मला वाटते, त्यांच्या आराखड्यात भिंती, शेते, पंगती सगळे होते. पण त्या तीन शेजाऱ्यांनी उघडलेली कपाटे नव्हती. ती कोणत्याही नियमाने उघडलेली नव्हती. तसा शेजार नकाशा काढून उभा राहत नाही, तो पिढ्यान्‌पिढ्या मुरावा लागतो. जे टिकले तेही लहानच होते. १८४४ मध्ये रॉशडेल गावी अठ्ठावीस जणांनी एक साधे दुकान काढले. त्यांतले काही ओवेन यांचे अनुयायी होते. त्या दुकानापासून निघालेली वाट पुढे आपल्या प्रवरानगरपर्यंत आली.

१८५८ च्या ऑक्टोबरात, सत्त्याऐंशीव्या वर्षी, ओवेन लिव्हरपूलच्या एका परिषदेत बोलायला उभे राहिले आणि चार शब्दांतच कोसळले. अंथरुणावरून उठता येऊ लागताच त्यांनी जन्मगावी जायचा हट्ट धरला. इथे आल्यावरही गावच्या शाळा कशा सुधारता येतील याच विचारात ते होते. १७ नोव्हेंबरला, जन्मघराला लागून असलेल्या खानावळीत, मुलाच्या सोबतीत त्यांनी प्राण सोडला. साऱ्या धर्मांवर आयुष्यभर टीका केलेल्या या माणसाला सेंट मेरीच्या जुन्या चर्चच्या आवारात, आईवडिलांच्या शेजारी जागा मिळाली. १९०२ मध्ये सहकारी चळवळीतल्या लोकांनी त्या थडग्याला सुबक लोखंडी कठडा बसवला.

संध्याकाळी नदीकाठाने फिरताना ते थडगे दिसते. ओवेन हरून परतले, असे काही जण मानतात. मला तसे वाटत नाही. जे गाव ते जन्मभर कागदावर रेखाटत होते, ते आधीच कुठे आहे हे अखेरीस त्यांना उमगले असावे.