पायपेटीचा सूर : संगीतकार गोविंदराव टेंबे

संगीत नाटकाची तिसरी घंटा झाली, धूप दरवळू लागला आणि पडदा वर जाण्यापूर्वी रंगमंचाच्या पायथ्याशी बसलेल्या ऑर्गनवाल्याने षड्ज धरला, की थिएटरातील सर्व कुजबुज आपोआप थांबत असे. मराठी माणसाच्या तीन पिढ्यांनी हा क्षण अनुभवला आहे. नांदीच्या आधीचा तो भरदार, सलग, किंचित घुमणारा सूर म्हणजेच नाटक, असे समीकरण आपल्या मनात पक्के बसलेले आहे. हे वाद्य परदेशातून आले, ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांतून आले, ही गोष्ट त्या वेळी कोणाच्या ध्यानातही येत नसे. परके वाद्य इतके आपलेसे कसे झाले, याचा शोध घेऊ लागले की ज्यांचे चरित्र प्रथम समोर येते ते म्हणजे कै. गोविंद सदाशिव टेंबे. स्वरपेटीला प्रतिष्ठा मिळवून देणारे वादक, नाट्यपदांना नवे वळण लावणारे संगीतरचनाकार, नट, नाटक मंडळीचे चालक आणि उत्तम गद्यलेखक अशा अनेक नात्यांनी त्यांनी महाराष्ट्राची सेवा केली.

गोविंदरावांचा जन्म ५ जून १८८१ रोजी कोल्हापूरजवळील सांगवडे या गावी झाला. आपल्या मंडळातील अनेक कुटुंबांची मुळे सांगली-कोल्हापूर भागातच असल्याने त्या परिसराचे वर्णन येथे करण्याची गरज नाही. मात्र त्या काळचे कोल्हापूर संगीताच्या दृष्टीने किती भाग्यवान होते, हे सांगितलेच पाहिजे. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने गायनमहर्षी अल्लादियाखाँसाहेब तेथे राहत होते. गावात देवल क्लब होता, व तेथे मोठमोठ्या गवयांच्या बैठकी होत. गोविंदरावांनी कोणाचा गंडा बांधून रीतसर तालीम घेतली नाही. त्यांचे विद्यापीठ म्हणजे हा देवल क्लब. तेथे ऐकावे, घरी येऊन पेटीवर बोटे फिरवून ते शोधावे, न सापडले तर पुन्हा ऐकावे, अशा क्रमाने त्यांचे शिक्षण झाले. स्वयंशिक्षित कलावंतांत बहुधा दोन दोष आढळतात, एक तर अहंकार, नाहीतर न्यूनगंड. गोविंदरावांत या दोहोंऐवजी एक विलक्षण श्रवणशक्ती निर्माण झाली, आणि पुढे तीच त्यांची पुंजी ठरली.

भास्करबुवा बखल्यांना ते गुरुस्थानी मानीत. बुवांच्या मैफलीत पेटीच्या साथीला बसण्याचे भाग्य त्यांना तरुणपणीच लाभले. बुवांच्या गाण्याला पंजाब व सिंध प्रांतांत केवढा मान होता, हे आपल्यासारख्या या प्रांती स्थायिक झालेल्या मंडळींनी विसरू नये. विष्णु दिगंबर पलुसकरांनी गांधर्व महाविद्यालय १९०१ साली काढले ते पुण्यात नव्हे, लाहोरात. महाराष्ट्र आणि पंजाब यांच्यात स्वरांची देवघेव आपण येथे येण्याच्या फार पूर्वीपासून चालू आहे. बखले, अल्लादियाखाँ यांसारख्यांच्या सहवासात गोविंदरावांनी जे टिपले, ते त्यांच्या बोटांत उतरले.

येथे थोडे थांबून पेटीचा विचार करणे अवश्य आहे. अलेक्झांद्र दबें या फ्रेंच कारागिराने १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये हार्मोनियमचे स्वामित्वहक्क घेतले. पितळी पट्टीवरून हवा गेली की ती कंप पावून वाजते, हे त्यातील मर्म. मूळ वाद्य मेजाएवढे, भाता पायांनी चालवायचा. आपल्याकडे जमिनीवर बसून गाण्याची रीत असल्याने कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांनी त्याला हातभात्याचे सुटसुटीत रूप दिले, आणि ही पेटी देशभर पसरली. नाटक मंडळ्यांनी मात्र पायांनी चालवायचे वाद्यही सोडले नाही. ऑर्गन व हार्मोनियम यांत एक बारीक पण महत्त्वाचा भेद आहे. हार्मोनियममध्ये हवा पट्ट्यांतून बाहेर ढकलली जाते, तर अमेरिकन धर्तीच्या ऑर्गनमध्ये ती आत ओढली जाते. त्यामुळे त्याचा नाद अधिक गोल व मऊ येतो. शिवाय पाय भात्यावर असल्याने दोन्ही हात मोकळे राहतात. एका हाताने गायकामागे चालावे व दुसऱ्याने षड्ज-पंचम भरून ठेवावेत, ही सोय हातपेटीत नाही.

ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात या सोयीचे मोल काय होते, याची आज कल्पना करणे अवघड आहे. हजारभर प्रेक्षक, वर कनातीचे किंवा पत्र्याचे छत, आणि नट गाता गाता रंगमंचावर फिरतो आहे, पाठ वळवतो आहे, मध्येच गद्य बोलतो आहे. अशा वेळी त्याला न सुटणारा आधारस्वर हवा असतो. सारंगी गळ्याच्या जवळची खरी, पण तिचा नाद दूरवर पोहोचत नाही. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले, त्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांत पेटी आणि मग ऑर्गन रंगमंचासमोर स्थिरावले, त्याला हे व्यावहारिक कारण होते. पुढे गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष आणि सोबत ऑर्गन, असा थाट झाला. त्या थाटाची आठवण काढून डोळे पुसणारे वृद्ध रसिक आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील.

गोविंदरावांचा खरा पराक्रम मात्र साथीत नव्हे, चालींत आहे. १९११ साली किर्लोस्कर नाटक मंडळीने कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ बसवावयास घेतले, आणि पदांच्या चाली देण्याचे काम टेंब्यांकडे आले. त्यांनी तेव्हा तिशीही ओलांडलेली नव्हती. तोवरच्या नाट्यपदांत साकी, दिंडी, लावणी, कर्नाटकी वळणाच्या चाली व ख्यालाचा प्रभाव यांचे मिश्रण असे. गोविंदरावांनी पूरबकडील ठुमरी, दादरा, कजरी, गझल यांचा खजिना उघडला. उत्तरेकडील गायिकांच्या कंठातून त्यांनी जे जे ऐकून ठेवले होते, ते सारे भामिनी आणि धैर्यधर यांच्या तोंडी आले. चाल आधी, शब्द मागाहून, अशी त्या काळची रीत होती. गद्याचा बाणा असलेल्या खाडिलकरांना या नाजूक वळणांत शब्द बसविणे सोपे गेले नसणार. तरीही परिणाम असा झाला की ती पदे नाटकाच्या बाहेर पडून घराघरांत गेली.

१२ मार्च १९११ रोजी पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी निवर्तली. प्रयोग पुढे ढकलावा असे सर्वांनी सुचविले असता त्यांनी तोंडाला रंग लावला व भामिनीची भूमिका पार पाडली. हा प्रसंग महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. त्या रात्री साथीदारांची बोटे कशी चालली असतील, याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाही. दहा वर्षांनी, जुलै १९२१ मध्ये, टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व व केशवराव भोसले यांनी एकत्र येऊन ‘संयुक्त मानापमान’ केले, तेव्हाही गोविंदरावांच्याच चालींवर दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे मीलन झाले.

१९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे या तिघांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. भागीदारीचे हे नाते फार काळ टिकले नाही. थोड्याच वर्षांत गोविंदराव बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. तीत ते भूमिका करीत, चाली देत व व्यवस्थाही पाहत. कलावंताने हिशेबाची वही हाती घ्यावी की नाही, हा प्रश्न मराठी रंगभूमीने अनेकांना विचारला व बहुतेकांच्या बाबतीत उत्तर तोट्यातच आले. शिवराज मंडळीलाही दीर्घायुष्य लाभले नाही. त्या तपशिलात शिरण्यापेक्षा त्यानंतरचा टप्पा पाहणे अधिक उद्बोधक आहे.

बोलपट आला, आणि नाटकधंद्याचे कंबरडे मोडू लागले. अनेक नटांनी नव्या माध्यमास शिव्याशाप दिले. गोविंदराव पन्नाशीत होते. ते कोल्हापुरातील प्रभात फिल्म कंपनीत गेले, आणि १९३२ साली प्रकाशित झालेल्या ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटाचे संगीत त्यांनी दिले. इतकेच नव्हे तर हरिश्चंद्राची भूमिकाही केली. तारामती होत्या दुर्गाबाई खोटे, दिग्दर्शक व्ही. शांताराम. त्या वेळी पार्श्वगायन नव्हते. नट कॅमेऱ्यापुढे गात असतानाच वादकांनी चौकटीबाहेर राहून साथ करावयाची असे. रंगमंचासमोर नटाच्या गळ्यावर लक्ष ठेवून आयुष्य घालविलेल्या माणसाला ही कसरत नवी नव्हती. त्याच वर्षीच्या ‘माया मच्छिंद्र’मध्ये ते मच्छिंद्रनाथ झाले, व १९३३ च्या ‘सैरंध्री’लाही त्यांचे संगीत होते.

एवढ्या यशानंतरही पेटीविषयीचा वाद त्यांच्या पाठीस लागलेलाच होता, आणि तो निराधार नव्हता. पेटीचे स्वर कारखान्यातच ठरून येतात. सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असल्याने तिचा गंधार गवयाच्या गंधाराशी तंतोतंत जुळत नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तर तिच्यातून निघूच शकत नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश यांनी बावीस श्रुतींची पेटी बनविण्याचा खटाटोप केला. पण वाजविणाऱ्याला ती जड गेली आणि प्रचारात आली नाही. १९४० साली तर आकाशवाणीने हार्मोनियमला आपल्या केंद्रांतून हद्दपारच केले. रवींद्रनाथ ठाकुरांसारख्यांचाही या वाद्याला विरोध होता.

गोविंदरावांचे मोठेपण असे की त्यांनी पेटीची ही उणीव कधी नाकारली नाही. ती वाजविताना ते भात्याचा दाब कमीजास्त करीत, शेजारचा स्वर ओझरता स्पर्शून मींडेचा भास निर्माण करीत, आणि सलग बोलण्याऐवजी गवयाप्रमाणे विराम घेत. वाद्यात जे नाही ते श्रोत्याच्या कानात पुरे व्हावे, ही त्यांची युक्ती. तरीदेखील उत्तरायुष्यात त्यांचे हार्मोनियमवादन मागे पडत गेले, आणि रचना, गायन व लेखन यांकडे ते वळले. आमच्या मते ही हार नव्हे. ज्याने एखादे वाद्य मुळापर्यंत जाणले, त्यालाच त्याची सीमा दिसते. ‘महाश्वेता’, ‘जयदेव’ यांसारख्या संगीतिका त्यांनी रचल्या आणि त्या नभोवाणीवरून ऐकविल्या गेल्या. ज्या संस्थेने त्यांच्या वाद्यास दार बंद केले, तिनेच त्यांच्या प्रतिभेस दार उघडले, हा काळाचा एक विनोदच म्हणावयाचा. १९३९ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘माझा संगीत व्यासंग’ हा ग्रंथ आजही संगीताच्या अभ्यासकांना वाचावा लागतो. अल्लादियाखाँसाहेबांचे चरित्रही त्यांनीच लिहिले, आणि ऐकलेल्या गाण्याचे ऋण शब्दांतून फेडले.

ऑर्गन या एका वाद्याने जगात किती सोंगे घेतली हे पाहिले, म्हणजे टेंब्यांच्या कार्याचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. जर्मनीत योहान सेबास्टियन बाख (१६८५–१७५०) याने नळ्यांच्या प्रचंड ऑर्गनवर भक्तिसंगीताचे मनोरे उभारले. गोव्यातील चर्चमधून त्याचीच धाकटी भावंडे वाजत आली, आणि तेथे स्वरलेखन शिकलेले गोमंतकीय वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचे आधारस्तंभ झाले. अमेरिकेत लॉरेन्स हॅमंडने १९३५ च्या सुमारास विजेवरील ऑर्गन बाजारात आणला. तो निग्रो प्रार्थनागीतांतून जॅझच्या बैठकीत गेला. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातील पुंगी ऐकून प्रेक्षकांत साप डोलू लागल्याच्या कंड्या पिकल्या, ती पुंगीही वस्तुतः विजेच्या क्लॅव्हिओलाइन या वाद्यातून कल्याणजींनी काढलेली होती. कव्वालीला पेटीवाचून चालत नाही. आणि आपल्या डेराबस्सीत पहाटे गुरुद्वाऱ्यातून येणारे शबद-कीर्तन तर पेटीवरच, येथील भाषेत वाजावर, चालते. तेथेही तंतुवाद्यांकडे परतावे असा विचार २०२२ साली अकाल तख्ताकडून मांडला गेला. म्हणजे टेंब्यांना ज्या प्रश्नाने छळले, तो शंभर वर्षांनंतर सतलजच्या तीरीही मिटलेला नाही.

९ ऑक्टोबर १९५५ रोजी गोविंदरावांचे दिल्ली येथे देहावसान झाले. कोल्हापूरच्या पंचगंगेकाठी सुरू झालेले आयुष्य आपल्या या उत्तरेकडील मुलखात संपले. आकाशवाणीने हार्मोनियमवरील बंदी सैल केली ती १९७१ साली, म्हणजे त्यांच्या पश्चात सोळा वर्षांनी, आणि तीही आरंभी काही अटींवर. रंगभूमीवरील ऑर्गनने मात्र कोणाच्या परवानगीची वाट पाहिली नाही. गोविंदराव पटवर्धनांसारख्या वादकांनी तो पुढील कित्येक दशके बोलता ठेवला, आणि ‘मानापमान’चे प्रयोग जेथे जेथे होतात तेथे नांदीपूर्वी आजही तोच सूर धरला जातो.